कपड्यांतलं पाणी जाणार कुठे?

माघातल्या जत्रेला बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या उळवीला चन्नबसवेश्वराच्या दर्शनाला येतात, तेव्हा सकाळी दांडीवर टाकलेलं धोतर दुपारपर्यंत खडखडीत वाळतं. तेच धोतर आषाढात टाकून बघा. जोयडा तालुक्यातल्या या गावाला चहूकडून जंगल आणि वरून घाटातला पाऊस. तिसऱ्या दिवशीही कापड हाताला गार लागतं आणि मग कुबट वास मारू लागतं. या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असतो, असं जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं. कापड जितकं जास्त वेळ ओलं, तितकं त्याचं फावतं.

दोष उन्हाचा कमी, हवेचा जास्त. 35 अंश तापमानाची, 40 टक्के आर्द्रतेची हवा दर घनमीटरला आणखी सुमारे 24 ग्रॅम वाफ घेऊ शकते. 25 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा घेते जेमतेम सव्वादोन ग्रॅम. पाच किलो सुती कपडे चांगले पिळून काढले तरी त्यांत अडीच किलो पाणी उरतं. ते सामावून घ्यायला हजारावर घनमीटर हवा लागेल, म्हणजे दहा बाय बाराच्या तीसेक खोल्या भरतील एवढी!

आपल्या आज्यांनी यावर तोडगा काढला होता. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं उपडं घालायचं आणि त्यावर लंगोट-दुपटी पसरायची. तीच पावसाळी हवा 60 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ती नव्याने पाणी ओढू लागते. हीटरचा ड्रायर याहून वेगळं काही करत नाही. फक्त निखाऱ्यांऐवजी वीज जाळतो आणि कपडे उलटेपालटे करतो.

पण एक किलो पाण्याची वाफ करायला निदान 0.67 युनिट ऊर्जा लागतेच. हीटरचा ड्रायर एवढी ऊर्जा ओततो, वर थोडी वाया घालवतो आणि शेवटी सगळी उष्णता सोडून देतो. पाच किलो कपड्यांना तीनेक युनिटं सहज जातात. हीट पंपाच्या ड्रायरमध्ये मात्र फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. ओली हवा थंड नळ्यांवरून गेली की वाफेचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता परत मिळते. तीच उष्णता गरम नळ्यांवाटे त्याच हवेला पुन्हा दिली जाते. त्यामुळे काम एक-सव्वा युनिटात होतं. वेळ जास्त लागतो, पण तापमान कमी असल्याने कपडेही कमी झिजतात. स्वित्झर्लंडने 2012 पासूनच फक्त अशा काटकसरी ड्रायरना विक्रीची मुभा ठेवली.

तरीही माझं मत विचाराल तर ड्रायरची निवड वॉशिंग मशीनपाशीच सुरू होते. पाण्याची वाफ करण्यापेक्षा ते फिरवून झटकून टाकणं कितीतरी स्वस्त. मिनिटाला 800 फेऱ्यांनी पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या पाऊण पट पाणी उरतं, 1400 फेऱ्यांनी निम्मं. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनचा छोटा टब (आपण त्यालाच ‘ड्रायर’ म्हणतो, पण तो तापवत काहीच नाही) 1300-1400 फेऱ्या घेतो, तर पुष्कळशी महागडी टॉप लोड मशीनं सातशेच्या आसपास अडकतात. छोट्या टबाचा व्यास कमी असला तरी पाणी बाहेर फेकणारा जोर जवळपास दुप्पट भरतो. दुकानात पंधरा वॉश प्रोग्राम मोजत बसण्यापेक्षा फेऱ्यांचा हा एक आकडा विचारा.

जोयड्यासारख्या भागात आणखी एक भानगड. इथल्याच काळी नदीवर सुपा धरण आहे, नागझरीचं वीजघर आहे, घाटाखाली कैगाचं अणुवीज केंद्र आहे. कैगाच्या पहिल्या युनिटने 2018 मध्ये सलग 962 दिवस चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला होता. पण तारेवर झाड पडलं की गावात अंधार. हीटरचा ड्रायर दोन-अडीच हजार वॉट मागतो, तो इन्व्हर्टरवर चालवणं विसराच. हीट पंपाचं यंत्र हजाराच्या आत भागवतं, पण व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसरला त्रास होतो. स्टॅबिलायझर लावलेला बरा.

चार माणसांच्या घराला मी ड्रायरऐवजी डिह्युमिडिफायर सुचवेन. तत्त्व हीट पंपाचंच. एका युनिटात दीड-दोन लिटर पाणी हवेतून काढतो. छोटी खोली, दोऱ्या, सोबत पंखा आणि दारं-खिडक्या घट्ट बंद. नाहीतर तो बाहेरचा आषाढ सुकवत बसेल. कपड्यांचं धुणं नसेल त्या दिवशी पापड, मसाले, पुस्तकं यांनाही उपयोगी पडतो.

जोयडा-गणेशगुडीच्या होमस्टेवाल्यांचं गणित मात्र निराळं. रोजच्या चादरी-टॉवेलांना हीट पंप ड्रायरच परवडेल. धुणं-वाळवणं एकत्र करणारं मशीन घेताना दोन गोष्टी पाहा. आठ किलो धुणारं यंत्र एका वेळी बहुधा पाचच किलो वाळवतं आणि बऱ्याच मॉडेलांत हीटरच असतो. शिवाय वाफ थंड करायला काही यंत्रं नळाचं पाणीही वापरतात. ड्रायर कोणताही असो, लव अडकणारी जाळी दर खेपेला साफ करायची. ती तुंबली की हवा अडते आणि मीटर पळत राहतो.