जुनी गिटार घेतांना : ओरखडा कोणता, तडा कोणता?

हल्लीं सुशिक्षित घरांतून सतार-पेटीच्या जोडीला विजेवर चालणारी गिटारही येऊं लागली आहे. नवें वाद्य महाग पडतें, म्हणून मुलें कोणीं तरी वापरलेलें वाद्य शोधून काढतात आणि पैसे मागण्यासाठीं वडील माणसांकडे येतात. वडील माणसें रंग उडालेला पाहून नाक मुरडतात, व लखलखीत अंग पाहून होकार देतात. दोन्हीकडे फसगत होण्याचा संभव आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या वाद्याचा नाद भोपळ्यांत घुमून निघत नाहीं. पोलादी तार चुंबकावर कंप पावते, चुंबकाभोवतालच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, व तीच ध्वनिवर्धकांतून नादरूपानें ऐकूं येते. म्हणून अंगावरच्या रंगाचा टवका उडाल्यानें कानाला जाणवेल असा फरक पडत नाहीं.

१९५० नंतरच्या दशकांत फेंडर व गिब्सन हे अमेरिकन कारखाने आपलीं वाद्यें नायट्रोसेल्युलोज लॅकरनें रंगवीत. हा थर पातळ असतो. थंडी-उन्हांत लाकूड व लॅकर सारख्या प्रमाणांत आकुंचन पावत नाहींत. त्यामुळें त्यावर केसासारख्या बारीक रेषा उमटतात. पुढें पुष्कळ वाद्यांवर पॉलिएस्टरचा जाड, कठीण लेप आला. त्याचा आपटतांच कांचेसारखा टवका उडतो. अशा रेषा, टवके, पाठीवरचे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, हात घासून उघडें पडलेलें लाकूड, हीं सर्व वयाचीं लक्षणें होत, रोगाचीं नव्हेत. त्यांबद्दल किंमत कमी करून मागावी. वाद्य नाकारूं नये.

खरा रोग लाकडांत असतो. मान धडाला जेथें मिळते आणि मानेचें डोकें जेथें सुरू होतें, त्या दोन जागा तिरप्या उजेडांत पाहाव्या. रेषा कडेवरून वळून दोन्ही अंगांस दिसत असेल, किंवा मान हलकी दाबतांच फांकत असेल, तर तो तडा समजावा. गिब्सनच्या लेस पॉल जातीच्या गिटारींत डोकें मागें कललेलें असतें, आणि आंतील पोलादी सळईच्या खांचेमुळें तेथेंच लाकूड कमी असतें. वाद्य पडलें कीं तें बहुधा तेथेंच मोडतें. कुशल कारागिरानें सांधलेली मान वर्षानुवर्षें वाजते, परंतु किंमत बरीच उतरते. म्हणून मानेच्या मागेंच तेवढा ताजा रंग दिसला तर कारण अवश्य विचारावें.

येथें स्थालीपुलाकन्याय लागू पडत नाहीं. एका शितावरून भात कळतो, वाद्य कळत नाहीं. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून घ्यावी, सर्व कळा फिरवून पाहाव्या, मान डोळ्यासमोर आडवी धरून तिचा वांक पाहावा.

झिजलेलें अंग म्हणजे जुनेपणाचा दाखला, असेंही मानूं नये. आयर्लंडचा वादक रोरी गॅलाघर याच्या १९६१ सालच्या फेंडर गिटारीचा रंग जवळजवळ सगळा गेलेला होता. तरी २०२४ सालीं लिलांवांत तिला आठ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ती किंमत वादकाच्या कीर्तीची होती. उलट १९९५ पासून फेंडर कारखाना मुद्दाम झिजविलेल्या नव्या गिटारीही विकत आला आहे.

तेव्हां रंगाचा निवाडा मुलावर सोडावा आणि मानेचा आपल्याकडे ठेवावा. उडालेला रंग वाजविणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर राहणार. मान मोडली, तर पैसा मात्र साऱ्या घराचा जातो.