बांधावरचं गाजरगवत आणि टी पेशी (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण प्रतिपिंडांची वाट समजून घेतली. काही खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं ते याच वाटेनं, काही मिनिटांत. आजची वाट संथ आहे आणि ती टी पेशींची, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींपैकी एका प्रकारच्या पेशींची आहे. नातेपुत्याच्या शिवारात तिचं उदाहरण शोधावं लागत नाही. पाऊस पडला की बांधावर, कालव्याच्या कडेला, पालखी मार्गालगतच्या पडीक जागेत गाजरगवत माजतं. ते उपटताना ज्यांची कातडी पेटून उठते, त्यांच्या अंगात नेमकं काय घडतं ते आज पाहू.

हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याची नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावर सविस्तर लिहिलं. पापण्या, कानामागची जागा, मान, कोपराची खोबण इथे आधी खाज आणि लाली येते, पुढे पाणी सुटतं. वर्षानुवर्षं चाललं तर कातडी जाड आणि काळपट होते. गवताला हात लागायलाच हवा असं नाही. वाळलेल्या गवताची वाऱ्यावर उडणारी धूळही पुरते.

घोटाळा इथेच होतो. आज भांगलण केली तर खाज उद्या किंवा परवा सुटते. मग दोष जातो कालच्या वांग्याला, नव्या साबणाला, नाहीतर ‘उष्णते’ला. गवताचं नाव कुणी घेत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच हात पुन्हा त्याच बांधावर जातात.

हा उशीर कशामुळे? गवतातला त्रासदायक पदार्थ म्हणजे पार्थेनिन. त्याचा रेणू इतका लहान, की टी पेशीला तो एकटा दिसतच नाही. तो कातडीतल्या आपल्याच प्रथिनांना चिकटतो. पेशी त्या प्रथिनाचे तुकडे करते आणि एक तुकडा एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत धरून पृष्ठभागावर मांडते. टी पेशीचा ग्राही ओळखतो तो हा जोड: आपला एमएचसी आणि त्यातला बदललेला तुकडा. प्रतिपिंड अख्ख्या जंतूला थेट चिकटू शकतं. नेहमीच्या टी पेशीला ते जमत नाही. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर हे दाखवलं. एका वंशाच्या उंदराच्या टी पेशी त्याच विषाणूनं ग्रासलेल्या दुसऱ्या वंशाच्या पेशींना हात लावत नव्हत्या, कारण तिथला एमएचसी वेगळा होता. १९९६चं नोबेल त्यांना या शोधासाठी मिळालं.

एमएचसी दोन प्रकारचे. पहिला शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतो, पेशीच्या आत काय आहे ते दाखवतो आणि सीडी८ टी पेशी तो वाचतात. दुसरा मोजक्याच पेशींवर असतो, बाहेरून गिळलेल्या मालाचे तुकडे दाखवतो आणि तो सीडी४ पेशींसाठी असतो. सीडी८ पेशी ग्रासलेली पेशी मारतात. सीडी४ पेशी रसायनं सोडून इतरांना कामाला लावतात. गाजरगवताच्या रोगात दोघींचा हात असतो. गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशींना बहुधा हा एमएचसी लागतही नाही, पण तो विषय मोठा आहे, पुढे घेऊ.

नुसतं ओळखलं म्हणून टी पेशी जागी होत नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते आठवा. कातडीतल्या डेंड्रायटिक पेशी माल घेऊन अशाच लसिका ग्रंथींमध्ये जातात आणि तिथे तो टी पेशींपुढे मांडतात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच इथे आहे. एक किल्ली म्हणजे तुकड्याची ओळख, दुसरी म्हणजे टी पेशीवरच्या सीडी२८ला मिळणारा धोक्याचा इशारा. पहिली लागली आणि दुसरी नाही, तर ती टी पेशी निपचित होते. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. ती नसती तर आपल्याच प्रथिनांवर रोज हल्ले झाले असते. दोन्ही जुळल्या की त्या एका पेशीच्या हजारो होतात. याला दिवस लागतात. मागे उरतात त्या स्मृती पेशी, आणि पुढच्या वेळी त्या एकदोन दिवसांत कातडीत गोळा होतात.

हे काम पेशींचंच, रक्तद्रवाचं नव्हे, हे १९४२ मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगवर सिद्ध केलं. संवेदनशील प्राण्याच्या पेशी दुसऱ्याला दिल्या की त्यालाही ती ॲलर्जी जडे.

एकाच रानात राबणाऱ्या सगळ्यांनाच हा त्रास का होत नाही? उत्तराचा एक भाग नियामक टी पेशींकडे आहे. त्या इतर टी पेशींना आवरतात. शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल याच शोधांसाठी मिळालं.

आता औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबबद्दल. ती सूज दाबते, पण स्मृती पेशी पुसत नाही. त्यातल्या काही कातडीतच मुक्काम करतात, म्हणून ट्यूब थांबली आणि गवत पुन्हा लागलं की त्याच जागी पुन्हा भडका उडतो. शिवाय ट्यूबच्या अतिवापरानं कातडी पातळ होते ती वेगळीच. नेमकं कारण पॅच टेस्टनं कळतं. पाठीवर अर्क चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, नंतर पुन्हा एकदा पाहतात, कारण टी पेशींना तेवढा वेळ लागतोच. शेवंती आणि सूर्यफुलालाही अशा रुग्णाची कातडी कधी कधी तशीच उत्तर देते. आजार चिवट असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिन देतात. ते पेशींची वाढ रोखतं, म्हणून ते चालू असेपर्यंत रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्याच लागतात.