श्वासाचे यंत्र बदलताना

झोपेत श्वास अडकणाऱ्यांना नाकावाटे दाबाची हवा देणारे यंत्र, म्हणजे सीपॅप, आता पुष्कळांच्या परिचयाचे आहे. 2021 साली फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या भीतीने लाखो यंत्रे परत मागवली. तेव्हा जगभर कितीकांना यंत्र बदलावे लागले.

पण नुसती पेटी बदलून भागत नाही. हवेचा दाब पाण्याच्या सेंटीमीटरांत मोजतात, साधारण 4 ते 20. एकाला 7 पुरतो, दुसऱ्याला 14 लागतो. जुना आकडा लिहून घ्या, नव्यावर डॉक्टरांकडूनच लावून घ्या. पाहुण्याचे उसने आणू नका, ती काय विहिरीवरची मोटार आहे? मास्क सैल बसला तर हवा डोळ्यांत जाते, अन् माणूस वैतागून यंत्र कोपऱ्यात टाकतो. मग दिवसा डुलक्या. हंगामात उसाची ट्रॉली ओढताना डुलकी म्हणजे जिवाशी गाठ. नव्या यंत्रावर झोप नीट लागेपर्यंत ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.