बॅगेखालचा रंग

आपल्या बेळगावकरांना गोव्याला जायला निमित्त शोधावं लागत नाही. कुणाची मावशी म्हापशाला, कुणाचं कुलदैवत फोंड्याकडे, कुणाची सासुरवाडी डिचोलीला. माझी डिचोलीला आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी मोटारसायकलवरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट हा प्रवास ठरलेला. जाताना कुंद्याचे डबे आणि आईने दिलेलं काहीबाही, येताना नारळ, आमसुलं, आगळ. हे सगळं गाडीवर कुठे ना कुठे बांधलेलं असतं, आणि जिथे बांधलेलं असतं तिथला रंग वर्षभरात मरतो. टाकीच्या मागच्या भागावर धुरकट पट्टा, सीटखालच्या पॅनलवर ओरखड्यांची जाळी, कॅरिअरच्या दांड्यांवर थेट लोखंड. मंडळाच्या कार्यक्रमाला बाहेर लागलेल्या गाड्या बघितल्या की कोण किती फिरतं ते न विचारता कळतं.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "बॅगेखाली एखादं फडकं घाल की." ते उत्तर मला पटत नाही. का पटत नाही, ते नीट सांगतो.

मी कॉम्प्युटरवाला इंजिनिअर, रंगातला नव्हे. पण आकडे दिसले की बरं वाटतं. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर खाली प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त. त्यातलं लॅकर ४०-५० मायक्रॉनचं. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन धरतात. म्हणजे गाडीची जी चमक आपण कौतुकाने बघतो, ती केसापेक्षाही पातळ थरात असते.

आता त्यावर काय घासतं ते बघा. बॅगेचं नायलॉन किंवा कॅनव्हास एकटं असेल तर वेळ लावतं. खरं काम रस्त्यावरची धूळ करते. धुळीत बारीक वाळू असते, वाळूत क्वार्ट्ज. कठीणपणाच्या मोझच्या मोजपट्टीवर क्वार्ट्ज ७ वर आहे, काच आणि चाकूचं पातं साडेपाचाच्या आसपास. काचेवर रेघ मारणारा कण लॅकरला काय ऐकणार? साखळी-डिचोली भागात तर खाणींची तांबडी माती, म्हणजे लोहखनिजाची पूड. दिसायला गुलाल, पण स्वभावाने कानस. हे कण बॅगेच्या विणीत अडकतात आणि बॅगेचं बूड म्हणजे पॉलिश पेपर होऊन बसतो.

पेपर नुसता ठेवला तर घासत नाही, हलवावा लागतो. ते काम इंजिन करतं. मिनिटाला ४,००० फेरे धरा आणि डिचोलीपर्यंतचे तीन तास धरा. ७ लाख २० हजार फेरे झाले. प्रत्येक फेऱ्याला बॅग केसभर जरी हलली तरी एका खेपेत किती घासाघीस झाली याचा अंदाज येतो. त्यात घाटातली वळणं आणि खड्डे वेगळे.

म्हणून प्रश्न दोनच उरतात. बॅगेखाली धूळ कशी राहणार नाही आणि बॅग कशी हलणार नाही. नुसतं फडकं यातला एकही सोडवत नाही. उलट फडकं धूळ धरून ठेवतं आणि स्वतःही सरकतं. रबरासारखी जाळीदार चटई घालणारेही आहेत. कपाटात घालतात ती. ती सरकत नाही हे खरं, पण बऱ्याचदा ती पीव्हीसीची असते. मे महिन्याच्या उन्हात टाकी तापली की तिच्यातलं मऊपणा देणारं रसायन रंगात उतरतं, चटई चिकटते आणि काढल्यावर जाळीची नक्षी टाकीवर राहते. रेक्झिनच्या टाकी कव्हरबद्दल तर बोलायलाच नको. वरून गाडी नवीकोरी, आत ओलावा आणि माती, आणि दोन पावसाळ्यांनी कव्हर काढलं की खाली गंजाचे फुगे.

मला विचाराल तर या विषयातले खरे जाणकार आपले दूधवाले. आजूबाजूच्या गावांतून पहाटे कॅन लावून येतात, त्यांच्या गाड्या एकदा थांबून बघा. कॅन गाडीच्या अंगाला टेकतच नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा असतो, वजन त्याच्यावर. सांगाड्याच्या दांडीला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळलेली, कॅनच्या मागे गोणपाटाची घडी, आणि वरून ट्यूबच्याच पट्टीची गाठ इतकी आवळलेली की कॅन आणि गाडी एकजीव. रंगावर वजन नाही आणि हालचाल नाही. हजारोंच्या विदेशी बॅगांच्या माहितीपत्रकात हेच तत्त्व गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं.

तेव्हा जमेल तिथे सामान पॅनलवर लोंबकळू देऊ नका, कॅरिअर किंवा बाजूच्या सांगाड्यावर घ्या. त्यामुळे बॅग सायलेन्सरपासूनही लांब राहते. आणि जिथे बॅग रंगाला टेकणारच आहे, तिथे आधी अंगावर झेलणारा एक थर द्या.

हा थर म्हणजे पारदर्शक फिल्म. अमेरिकन सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती व्हिएतनाम युद्धात वाळूने झिजत होती, तेव्हा त्यांना वाचवायला अशा फिल्मचा वापर सुरू झाला. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग आपल्यासारख्यांच्या. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची, सुमारे २०० मायक्रॉन जाडीची असते. म्हणजे गाडीच्या सगळ्या थरांहून जाड. बारीक ओरखडे उन्हाने किंवा कोमट पाण्याने आपोआप भरून येतात, हे मी स्वतःच्या गाडीवर बघितलंय. स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म मात्र पिवळी पडते, कडक होते आणि काढताना रडवते.

एका दुकानात मला अख्खी गाडी मढवून घ्या म्हणून गळ घातली. वर सिरॅमिक कोटिंगही सुचवलं, "एकदा मारलं की ओरखडा नाही" म्हणून. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि चिखल चिकटू नये म्हणून तो छान, पण बॅगेच्या घासण्यापुढे त्याचं काही चालत नाही. अख्ख्या गाडीला फिल्मही लागत नाही. बॅग जिथे टेकते, गुडघे जिथे लागतात आणि सीटवर चढताना बूट जिथे घासतो, तिथे तळहाताएवढे चार-पाच तुकडे पुरतात. कोपरे गोल कापायचे, नाहीतर तिथूनच सुटतात. रंग धुवून कोरडा करायचा, मग पाण्यात दोन थेंब शाम्पू घालून फवारायचं, फिल्म तरंगती ठेवून जागेवर आणायची आणि आतलं पाणी मऊ पट्टीने मधून कडेला काढायचं. दिवसभर हात लावायचा नाही. गाडी नुकतीच रंगवली असेल तर महिनाभर थांबा, ताजा रंग अजून श्वास घेत असतो.

ज्यांच्या गाडीला मॅट रंग आहे त्यांनी तर ही फिल्म मॅटमध्येच शोधून लावावी. चकचकीत रंगावरचा ओरखडा पॉलिशने थोडाफार निघतो. मॅट रंग घासून एकदा चमकला की ती चमक परत घालवता येत नाही.

फिल्म लावण्याआधी, आणि फिल्म नसेल तर दर खेपेला, टाकीवरची धूळ जायला हवी. आपल्याकडे सकाळी उठून पिवळ्या फडक्याने कोरडी गाडी पुसण्याची फार हौस. धुळीच्या बाबतीत ते फडकं आणि बॅग एकाच जातीचे. आधी पाणी ओता, मग पुसा. धूळ राहिली का हे बघायचं असेल तर ओल्या टाकीवरून हात फिरवताना हातावर भाजीची पातळ प्लॅस्टिक पिशवी चढवा. बोटांना एरवी न लागणारे कण लगेच खरखरीत लागतात. चुंबकाची टँक बॅग असेल तर चुंबकाचं तोंडही पुसा, कारण लोखंडाचा कीस तो मिशीसारखा धरून बसतो.

बांधायच्या दोऱ्यांबद्दल माझं मत टोकाचं आहे. हुकाची रबरी दोरी घरातूनच काढून टाका. ती ताणते म्हणून बॅग हलते, हुक रंगात खुपतो, आणि सुटली तर डोळ्यावर येते. बकलचे पट्टे घ्या, सामान बांधल्यावर गाडी धरून बॅग हलवा, बॅगेबरोबर अख्खी गाडी हलली तर बांधणी बरोबर. पट्ट्याची मोकळी शेपटी मात्र गुंडाळून रबर लावा. वाऱ्यावर ती चाबकासारखी पॅनलवर आपटत राहते आणि डिचोली येईपर्यंत तिथला रंग पांढरा पडतो. बकल रंगाकडे नको, बाहेर. आणि आगळाची बाटली डब्यात बंद करून न्या. ते आंबट आणि खारट दोन्ही असतं, माझ्या मेहुण्याच्या गाडीवर रात्रभर गळलं, तेव्हा सकाळी टाकीवर ओघळाचा नकाशा उमटला होता.

इथवरचं सगळं नव्या गाड्यांचं. आमच्या घरी एक जुनीही आहे, आणि तिच्यामुळेच मी या विषयात इतका शिरलो.

बाबांची येझदी, १९८४ सालची, मरून रंगाची. बाबा खानापूर, नंदगड, बैलहोंगल, हुक्केरी या भागातल्या दुकानांना वह्या आणि पेनं पुरवायचे. नमुन्यांची कॅनव्हासची बॅग टाकीवर, पट्टा हँडलला. वीसेक वर्षं हेच. टाकीच्या उजव्या खांद्यावर त्या बॅगेने तळहाताएवढी जागा खाल्ली आहे. कडेला मरून, त्याच्या आत प्रायमरचं करडं कडं आणि मधे उघडं पोलाद. शेजारी पितळी बकलाची एक लांब रेघ. मधे आईने दया येऊन बॅगेखाली टॉवेलची घडी घालायला दिली होती. बाबा सांगतात, त्यानंतर डाग लवकर वाढला.

रोज बॅग फिरत होती तोवर ते पोलाद जुन्या पातेल्याच्या बुडासारखं लख्ख होतं. बाबा निवृत्त झाले, गाडीवर कव्हर पडलं आणि दोन वर्षांत तिथे तांबूस ठिपके दिसायला लागले. पेट्रोलच्या टाकीला गंजाचं बारीक भोक पडायला फार काळ लागत नाही, त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं.

बाबांना ती नवी करून हवी होती. शहापुरातल्या पेंटरमामांनाही. "खरवडून अख्खी टाकी नवी करून देतो की! हे कशाला ठेवालास?" मला ते नको होतं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. २०२२ पासून त्या नावाच्या नव्या गाड्या आल्या आहेत, पण या टाकीवरचा कारखान्यातला रंग एकदा खरवडला की गेला. आणि तो डाग म्हणजे आमच्या दोघा भावंडांच्या शाळा-कॉलेजची फी आहे, असं मी म्हटल्यावर बाबा म्हणाले, "फी भरली की. पावत्या आहेत. गाडीवर कशाला पाहिजे? लोक म्हणतील पोराला पगार नाही काय?"

आठवडाभर यावर जेवताना बोलणी झाली. शेवटी आईने मांडवली केली. मडगार्ड आणि साइड बॉक्स बाबांच्या मनासारखे नवे, टाकी माझ्या मनासारखी.

पेंटरमामांनी टाकी रिकामी करून उतरवली. गंज फक्त डागापुरता बारीक वॉटर पेपरने काढला, कडेच्या मरूनला धक्का न लावता. मग धुणं, वाळवणं, तेलकटपणा काढणं आणि वरून हार्डनर मिसळलेलं दोन भागांचं लॅकर. डब्यातल्या साध्या स्प्रेचं लॅकर इथे चालत नाही, पेट्रोलचा थेंब सांडला की ते मऊ पडतं. हे काम घरी करायचं नसतं, त्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट आणि त्याला चांगला मास्क लागतो. उघड्या पोलादावर लॅकरची पकड प्रायमरइतकी नसते, त्यामुळे दर पावसाळ्यानंतर कडा बघत राहा, असं मामांनी बजावलं आहे.

या टाकीवर मी फिल्म लावली नाही. पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं मरून होतं, म्हणजे वर लॅकर नाही, आपण रंगच पुसतोय. अशा जुन्या रंगावर फिल्म चिकटवली तर काढताना ती रंगासकट येण्याची भीती. वर्षातून एकदा मेण, बाकी फक्त पाणी. कधीकाळी चिकटवलेल्या स्टिकरचा गोंद होता, तो खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवल्यावर निघाला.

रविवारी बाबा येझदी घेऊन भाजीला जातात. पिशवी मागच्या कॅरिअरला, बकलच्या पट्ट्याने. टाकीवर कुणाला काही ठेवू देत नाहीत. परवा मी हेल्मेट ठेवायला गेलो, तर म्हणाले, "ते तुझ्या गाडीवर ठेव."