उंची लॅपटॉपच्या किमतीची उकल

उंची श्रेणीतील लॅपटॉपची निवड करताना ग्राहक साधारणतः चार गोष्टी पाहतो : बांधणी, पडदा, तापण्याचे प्रमाण आणि किंमत. पहिल्या तीन गोष्टी अभियंत्यांच्या आणि चौथी दुकानदाराची, अशी वाटणी सर्रास केली जाते. वस्तुतः चौथी गोष्ट हा पहिल्या तिन्हींचाच हिशेब असतो. हा हिशेब उलगडला, तर भारतात लॅपटॉपवर सीमाशुल्क शून्य असूनही तो असंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर का राहतो आणि त्याची जुळणी देशात होऊ लागल्यास किमतीचा कितीसा भाग देशात राहील, या दोन्ही प्रश्नांकडे नीट पाहता येते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर नियंत्रण आणण्याचे पाऊल उचलल्यापासून हे प्रश्न केवळ ग्राहकांचे उरलेले नाहीत.

वस्तू नव्हे, गुणधर्म

ग्राहकाला उपयोगिता वस्तूपासून मिळत नाही, तर वस्तूत सामावलेल्या गुणधर्मांपासून मिळते, असा विचार केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडला. किमतीची गुणधर्मनिहाय फोड करण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. अँड्र्यू कोर्ट यांनी १९३९ मध्ये आणि झ्वी ग्रिलिचेस यांनी १९६१ मध्ये ती मोटारींच्या किमतींना लावली. या पद्धतीला हेडॉनिक किंमत पद्धती म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीत संगणकांसाठी तिचा वापर १९८५ पासून सुरू झाला. संगणकाची किंमत तीच राहून क्षमता दुप्पट झाली, तर ती किंमत स्थिर राहिली असे म्हणणे दिशाभूल करणारे ठरते, हे त्यामागील कारण होते.

या दृष्टीने २०२० च्या अखेरीस बाजारात आलेली दोन प्रतिस्पर्धी यंत्रे अभ्यासण्याजोगी आहेत. अ‍ॅपल कंपनीचा एम-१ चिप असलेला मॅकबुक एअर आणि डेल कंपनीचा इंटेलच्या अकराव्या पिढीतील प्रोसेसर असलेला एक्सपीएस १३ ही ती यंत्रे होत. पहिल्याचे कवच संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे. दुसऱ्याचे बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचे, तर कळफलकाभोवतीचा भाग कार्बन तंतूंचा. पहिल्याचे वजन १.२९ किलोग्रॅम, दुसऱ्याचे सुमारे १.२ किलोग्रॅम. पडद्याबाबत निकाल एकतर्फी नव्हता. एअरचा पडदा २५६० गुणिले १६०० बिंदूंचा म्हणजे अधिक रेखीव, परंतु त्याची तेजस्विता ४०० निट होती. एक्सपीएसच्या मूळ आवृत्तीचा पडदा १९२० गुणिले १२०० बिंदूंचा, मात्र ५०० निट तेजाचा होता. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याला दुसरा पडदा मानवेल, बारीक अक्षरे दिवसभर वाचणाऱ्याला पहिला. कोणता लॅपटॉप श्रेष्ठ, या प्रश्नाला एकच उत्तर नसते ते यामुळेच : गुणधर्मांना प्रत्येक ग्राहक देत असलेला भार निराळा असतो.

उष्णतेचा हिशेब

तापण्याचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहायला हवा, कारण बांधणी आणि किंमत या दोहोंची सूत्रे तेथे येऊन मिळतात. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी जवळजवळ सर्व विद्युतऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. हा खर्च चिपच्या गतीच्या प्रमाणात वाढतो, परंतु विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे कमी दाबावर काम करणारी चिप तयार करता आली, तर उष्णतेत मोठी घट होते. एम-१ ही चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीने ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवली होती. इंटेलची चिप त्या कंपनीच्या स्वतःच्या १० नॅनोमीटर प्रक्रियेवरची होती. एक्सपीएसमध्ये दोन पंखे बसवावे लागले. एअरमध्ये पंखाच नव्हता. उष्णता धातूच्या पट्टीतून आणि कवचातून बाहेर पडे.

पंखा नसण्याची किंमत मात्र दीर्घकाळच्या जड कामात मोजावी लागते. काही मिनिटांनंतर चिप स्वतःची गती कमी करते. त्याच एम-१ चिपचा, परंतु पंखा असलेला १३ इंची मॅकबुक प्रो त्याच वेळी बाजारात होता आणि तो गती टिकवून धरत असे. भारतात एअरची किंमत ९२,९०० रुपयांपासून, तर प्रोची १,२२,९०० रुपयांपासून सुरू होत होती. हा ३०,००० रुपयांचा फरक म्हणजे पंख्याची किंमत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात प्रोमध्ये बॅटरी मोठी होती आणि पडदा ५०० निटचा होता. अनेक गुणधर्म एकत्रच बदलत असल्यामुळे कोणत्या गुणधर्माची किंमत किती, हे दोन यंत्रांवरून सांगता येत नाही. त्यासाठी अनेक यंत्रांच्या किमतींचे प्रतीपगमन विश्लेषण करावे लागते. हेडॉनिक पद्धतीची खरी अडचण हीच आहे आणि परीक्षार्थींनी ती पद्धतीच्या व्याख्येइतकीच लक्षात ठेवावी.

भारतीय ग्राहकासाठी यात आणखी एक बाब आहे. या दोन्ही यंत्रांसाठी निर्मात्यांनी सांगितलेली सभोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. वस्तूकडून हवेकडे जाणारी उष्णता त्या दोहोंच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. नागपूर किंवा दिल्लीच्या मे महिन्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत हा फरक आक्रसतो आणि गती मंदावण्याची वेळ लवकर येते. म्हणजे अमेरिकेत आणि विदर्भात विकला जाणारा लॅपटॉप एकच असला, तरी गुणधर्म एकच नसतात.

किंमत आणि कर

मॅकबुक एअरची अमेरिकेतील किंमत ९९९ डॉलर होती. त्या वेळच्या सुमारे ७४ रुपये विनिमय दराने ही रक्कम सुमारे ७४,००० रुपये होते. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत राज्यांचा विक्रीकर धरलेला नसतो. भारतातील किमतीत १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत असतो. तो मिळवला असता सुमारे ८७,००० रुपये होतात. प्रत्यक्ष किमतीशी उरणारा फरक साडेपाच ते सहा हजारांचा. वाहतूक, वितरण आणि विनिमय दराची जोखीम पाहता तो अवाजवी म्हणता येणार नाही.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम-४ चिपच्या एअरची तुलना याहून बोलकी आहे. अमेरिकेतील किंमत पुन्हा ९९९ डॉलर. रुपयाचा दर मात्र सुमारे ८७ झालेला. करासह हिशेब सुमारे १,०२,५०० रुपये होतो, परंतु भारतातील किंमत ९९,९०० रुपये ठेवण्यात आली. रुपयातील घसरणीचा मोठा भाग निर्मात्याने आपल्या नफ्यातून सोसला, असा याचा अर्थ लावता येतो. शिवाय मूळ आवृत्तीतील मेमरी ८ गिगाबाइटवरून १६ झाली होती. गुणधर्मांच्या मापाने पाहता किंमत उतरलीच.

नफा कोठे जातो

एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी स्मितवक्राची कल्पना मांडली. संशोधन आणि आरेखन या एका टोकाला आणि नाममुद्रा व विक्री या दुसऱ्या टोकाला मूल्यवर्धन जास्त; मधल्या जुळणीच्या टप्प्यावर सर्वांत कमी. लिंडेन, डेड्रिक आणि क्रेमर यांनी २००५ च्या सुमाराच्या एचपी आणि लेनोव्हो लॅपटॉपचा अभ्यास केला, तेव्हा नफ्याचा मोठा वाटा नाममुद्राधारक कंपन्यांकडे नव्हे, तर इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे जात असल्याचे दिसले. अ‍ॅपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपकडे वळून इंटेलला जाणारा वाटा आपल्याकडे खेचला. घसरत्या रुपयाचा भार सोसण्याची ताकद बहुधा तेथून आली असावी. डेल, एचपी किंवा लेनोव्हो यांना हा मार्ग सहज उपलब्ध नाही.

या पार्श्वभूमीवर भारताच्या धोरणाकडे पाहावे लागते. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि करारातील वस्तूंवरील शुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मोबाइल संचांवर २०१७ पासून लावलेले शुल्क एप्रिल २०२३ मध्ये संघटनेच्या तंटा निवारण मंडळांनी कराराशी विसंगत ठरवले. लॅपटॉपबाबत शुल्काचा मार्ग याहूनही अरुंद होता. २०२२-२३ मध्ये वैयक्तिक संगणक व लॅपटॉपची आयात सुमारे ५.३ अब्ज डॉलर होती आणि तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग चीनमधून येत होता. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने आयातीसाठी परवाना आवश्यक केला. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबणीवर पडली आणि अखेर परवान्याऐवजी ऑनलाइन नोंदणीवर आधारित आयात व्यवस्थापन प्रणाली आली. धोरणातील इतक्या जलद फेरबदलाने गुंतवणूकदारांचा विश्वास वाढत नाही, ही टीका तेव्हा झाली आणि ती रास्तच होती.

दुसरा मार्ग प्रोत्साहनाचा. माहिती तंत्रज्ञान हार्डवेअरसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेची दुसरी आवृत्ती मे २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली आणि नोव्हेंबरमध्ये २७ उत्पादकांना मान्यता मिळाली. त्यांत डेल, एचपी, लेनोव्हो आणि फॉक्सकॉन यांचा समावेश होता. स्मितवक्राच्या तळाशी असलेल्या जुळणीतून रोजगार मिळतो, मूल्यवर्धन मात्र थोडेच होते. म्हणून मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेली २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक घटक उत्पादन योजना अधिक अर्थपूर्ण वाटते. पडद्याचे जोडसंच, बहुस्तरीय परिपथ फलक, लिथियम-आयन घट आणि कवच हे तिच्या कक्षेत आहेत. ग्राहक ज्याला बांधणी आणि पडदा म्हणतो, त्यांचा काही भाग यातून देशात येऊ शकेल.

तापण्याचा प्रश्न ज्या चिपवर ठरतो, ती मात्र यात येत नाही. गुजरातमधील धोलेरा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी यांचा प्रकल्प २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रक्रियांसाठी आहे. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर तेथे घडणार नाही. पडद्याला संकेत देणाऱ्या आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या छोट्या चिप मात्र याच प्रक्रियांवर तयार होतात.