बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी गाडी सुरू झाली नाही की आपण बॅटरीला दोष देतो आणि घामाचा पैसा नव्या बॅटरीत घालतो. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकविले. म्हणून आधी कारण शोधू.

बॅटरीची टोके साफ करून घट्ट आवळू. मग मल्टिमीटर लावू. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ दाखवते. किक मारून इंजिनाचा वेग वाढविला की आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्हावा. तो वाढलाच नाही, तर दोष चार्जिंग कॉइल, रेग्युलेटर वा वायरिंगचा. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटरचा. अशा गाडीत नवी बॅटरीही टिकणार नाही.

पूर्ण चार्ज करून गाडीबाहेर ठेवलेली बॅटरी रात्रीत १२ खाली आली, तर मात्र ती बदलू. कुणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतः तपासून पैसे मोजू.