अपूर्ण दत्तकविधान आणि अमेरिकन आयकर कायदा : दत्तक टॅक्स क्रेडिटमधील एका भेदाचे विवेचन

सारांश

अमेरिकेच्या संघीय आयकर कायद्यात दत्तकविधानाच्या खर्चापोटी टॅक्स क्रेडिट देण्याची तरतूद १९९७ या करवर्षापासून अस्तित्वात आहे. दत्तकविधान पूर्णत्वास गेले नाही, तर झालेल्या खर्चावर हे क्रेडिट मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर बालक अमेरिकेतील आहे की परदेशातील यावर अवलंबून असते. पहिल्या प्रकारात प्रयत्न फसला तरी खर्च मान्य होतो. दुसऱ्या प्रकारात अंतिम आदेशाशिवाय काहीही मान्य होत नाही. प्रस्तुत लेखात या भेदाचा कायदेशीर आधार, त्याची प्रत्यक्ष कार्यपद्धती, त्याचे परिणाम आणि त्याचा भारतीय संदर्भ यांचे विवेचन केले आहे.

कळीचे शब्द : दत्तकविधान, टॅक्स क्रेडिट, अंतिम आदेश, आंतरराष्ट्रीय दत्तक, हेग करार.

१. प्रस्तावना

दत्तकविधान ही भावनिक, सामाजिक आणि कायदेशीर अशी तिहेरी प्रक्रिया आहे. तिला चौथे, आर्थिक अंगही असते. मात्र त्याची चर्चा तुलनेने कमी होते. अमेरिकेत खाजगी संस्थेमार्फत किंवा वकिलामार्फत मूल दत्तक घेणाऱ्या दाम्पत्यास गृहअभ्यास अहवाल, संस्थेचे शुल्क, वकिलाची फी, न्यायालयीन खर्च आणि प्रवास यांसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात. हा खर्च बहुतांशी मूल घरी येण्यापूर्वीच होतो. पुढे जन्मदात्री मातेने निर्णय बदलला, संस्था बंद पडली किंवा एखाद्या देशाने परदेशी दत्तकविधानच थांबविले, तर खर्च होऊन गेलेला असतो आणि मूल मात्र येत नाही. अशा खर्चाकडे करकायदा कोणत्या दृष्टीने पाहतो, हा वाणिज्य, विधी, समाजशास्त्र आणि समाजकार्य या सर्व विद्याशाखांच्या अभ्यासकांना विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

२. क्रेडिटचे स्वरूप व विकास

वजावट आणि टॅक्स क्रेडिट यांतील फरक प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. वजावटीमुळे करपात्र उत्पन्न कमी होते; क्रेडिटमुळे देय करच कमी होतो. त्यामुळे एक हजार डॉलरच्या वजावटीपेक्षा एक हजार डॉलरचे क्रेडिट करदात्यास अधिक लाभदायक ठरते.

अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये संमत केलेल्या कायद्यान्वये महसूल संहितेत कलम २३ समाविष्ट झाले. आरंभी क्रेडिटची कमाल मर्यादा प्रत्येक मुलामागे ५,००० डॉलर व विशेष गरजा असलेल्या मुलामागे ६,००० डॉलर होती. २००१ च्या कायद्याने ती २००२ पासून १०,००० डॉलरवर नेली आणि त्यानंतर ती महागाईनुसार वाढत गेली. २०१० व २०११ या दोन वर्षांपुरते क्रेडिट पूर्णतः परताव्यास पात्र होते. म्हणजे देय करापेक्षा क्रेडिट अधिक असल्यास फरकाची रक्कम शासनाकडून रोख मिळत असे. २०१२ पासून ही सोय संपली. २०२५ च्या करकायद्याने त्या करवर्षापासून क्रेडिटमधील ५,००० डॉलरपर्यंतचा भाग पुन्हा परताव्यास पात्र केला. करवर्ष २०२५ साठी एकूण मर्यादा १७,२८० डॉलर, तर २०२६ साठी १७,६७० डॉलर आहे.

परताव्यास पात्र नसलेला भाग त्या वर्षीच्या करात सामावला नाही, तर तो पुढील पाच वर्षांपर्यंत ओढता येतो. उच्च उत्पन्न गटास लाभ टप्प्याटप्प्याने नाकारला जातो. २०२५ साठी सुधारित समायोजित स्थूल उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या पुढे गेल्यास क्रेडिट घटू लागते आणि २,९९,१९० डॉलरला ते संपुष्टात येते.

३. मान्य खर्च

दत्तकविधानाशी थेट संबंधित, वाजवी आणि आवश्यक असा खर्च कायद्यास मान्य आहे. संस्थेचे शुल्क, वकिलाची फी, न्यायालयीन खर्च, प्रवास व मुक्काम यांचा त्यात अंतर्भाव होतो. जोडीदाराचे मूल दत्तक घेण्याचा खर्च, सरोगसीचा खर्च, कायद्याचे उल्लंघन करून केलेला खर्च आणि नियोक्त्याने किंवा शासकीय योजनेतून भरून दिलेला खर्च मात्र वगळला जातो. प्रयत्न फसल्यानंतर संस्थेने शुल्काचा काही भाग परत केला असेल, तर तेवढ्या रकमेवर क्रेडिट मागता येत नाही.

येथे एक बाब विशेष महत्त्वाची आहे. विशिष्ट बालक निश्चित होण्यापूर्वी केलेला खर्चही मान्य होऊ शकतो. प्रक्रियेच्या आरंभीच भरलेले गृहअभ्यासाचे शुल्क हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणजेच ‘अमुक एका मुलासाठीचा खर्च’ यापेक्षा ‘मूल दत्तक घेण्याच्या प्रयत्नाचा खर्च’ ही संकल्पना व्यवहारात स्वीकारली गेली आहे. अपूर्ण दत्तकविधानाच्या प्रश्नाचे मूळ याच संकल्पनेत आहे.

४. देशांतर्गत दत्तकविधान : प्रयत्नास मान्यता

कलम २३ मध्ये ‘फसलेले दत्तकविधान’ असा शब्दप्रयोग करून स्वतंत्र सवलत दिलेली नाही. कायदा केवळ खर्चाचे वर्ष ठरवितो. दत्तकविधान ज्या वर्षी अंतिम होते, त्यापूर्वीच्या वर्षांत केलेल्या खर्चाचे क्रेडिट खर्चाच्या पुढील करवर्षात मागावयाचे असते. अंतिम होण्याच्या वर्षी किंवा त्यानंतर केलेल्या खर्चाचे क्रेडिट त्याच वर्षी मिळते. बालक अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असेल, तर पहिला नियम लागू होण्यासाठी अंतिम आदेश कधीतरी झालाच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. परिणामी रखडलेले आणि कायमचे फसलेले असे दोन्ही प्रयत्न एकाच नियमाखाली येतात. प्रयत्न नेमका कोणत्या दिवशी फसला हे ठरविण्याची गरज उरत नाही. खर्चाच्या वर्षानंतर एक वर्ष थांबणे पुरेसे असते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका दाम्पत्याने २०२४ मध्ये अमेरिकेतच जन्मणाऱ्या बालकासाठी संस्था व वकील यांना १२,००० डॉलर दिले. प्रसूतीनंतर मातेने मूल स्वतःकडेच ठेवण्याचे ठरविले. दाम्पत्यास हा खर्च करवर्ष २०२५ च्या विवरणपत्रात दाखविता येईल. त्या वर्षी त्यांचा देय कर ४,००० डॉलर असेल, तर १२,००० पैकी ५,००० डॉलर परताव्यास पात्र ठरतील, ४,००० डॉलरनी कर शून्यावर येईल आणि उरलेले ३,००० डॉलर पुढील वर्षांत ओढले जातील.

याच दाम्पत्याने २०२६ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या बालकासाठी १५,००० डॉलर खर्च केले आणि त्याच वर्षी अंतिम आदेश मिळाला, तर पूर्ण मर्यादा नव्याने उपलब्ध होत नाही. एक मूल दत्तक घेण्यासाठी केलेले अनेक प्रयत्न कराच्या दृष्टीने एकत्र मोजले जातात. २०२६ च्या १७,६७० डॉलरच्या मर्यादेतून आधीचे १२,००० डॉलर वजा होऊन ५,६७० डॉलरच शिल्लक राहतात. दोन्ही प्रयत्नांचा एकूण खर्च २७,००० डॉलर असूनही मान्य रक्कम १७,६७० डॉलरपुरती मर्यादित राहते. पहिल्या अपयशाची किंमत दुसऱ्या यशाच्या वाट्यातून अशी वळती होते.

५. विशेष गरजा असलेली बालके

‘विशेष गरजा’ ही या कायद्यातील पारिभाषिक संज्ञा असून तिचा अर्थ केवळ अपंगत्व असा नाही. बालकास जन्मदात्या पालकांच्या घरी परत पाठविता येणार नाही आणि साहाय्याविना त्याचे दत्तकविधान होणे संभवत नाही, असा निर्णय राज्य शासनाने दिलेला असावा लागतो. वय, भावंडांचा गट, वांशिक पार्श्वभूमी किंवा आजार यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. आदिवासी समूहांच्या शासनांनाही असा निर्णय देण्याचा अधिकार २०२५ च्या कायद्याने मान्य केला आहे. अशा बालकाचे दत्तकविधान अंतिम झाल्यास प्रत्यक्ष खर्च शून्य असला तरी पूर्ण क्रेडिट मिळते.

परंतु हा लाभ अंतिम आदेशाशी बांधलेला आहे. शासकीय संगोपन व्यवस्थेतील एखादे मूल अनेक महिने कुटुंबात राहिले आणि आदेशापूर्वी परत गेले, तर कुटुंबास केवळ प्रत्यक्ष मान्य खर्च दाखविता येतो. शासकीय यंत्रणेमार्फत होणाऱ्या दत्तकविधानात हा खर्च सहसा अल्प असल्याने क्रेडिटही नाममात्र राहते. त्या काळात कुटुंबाने वेळ, श्रम आणि माया दिलेली असते. तिची नोंद विवरणपत्रात होत नाही.

६. परदेशी दत्तकविधान : यशाची अट

प्रयत्न सुरू झाला त्या वेळी बालक अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसेल, तर स्वतंत्र नियम लागू होतो. दत्तकविधान अंतिम झाल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. अंतिम झाल्यावर आधीच्या सर्व वर्षांतील खर्च त्या वर्षी केल्याचे मानले जाते. २०२३ व २०२४ मधील खर्च आणि २०२५ मधील आदेश असल्यास सर्व खर्च २०२५ च्या मर्यादेत एकत्र दाखवावा लागतो. आदेशच झाला नाही, तर सर्व खर्च क्रेडिटच्या कक्षेबाहेर राहतो.

गेल्या दोन दशकांतील घटना पाहता या नियमाची तीव्रता जाणवते. अमेरिकेत २००४ मध्ये सुमारे २३ हजार परदेशी बालके दत्तक म्हणून आली. २०२३ या वित्तीय वर्षात ही संख्या १,२७५ होती. रशियाने २०१२ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकन नागरिकांना बालके देणे बंद केले. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तकविधान थांबविले. चीनने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, नात्यातील काही अपवाद वगळता, हा मार्ग बंद केला; त्या वेळी बालक निश्चित होऊन प्रतीक्षेत असलेली शेकडो अमेरिकन कुटुंबे होती. या सर्व प्रसंगांत अपयशाचे कारण दुसऱ्या देशाच्या शासनाचा निर्णय हे होते. करदात्याच्या हाती काहीही नव्हते, तरी देशांतर्गत प्रयत्न करणाऱ्यास मिळणारे क्रेडिट त्याला मिळत नाही.

या भेदाच्या समर्थनार्थ काही तर्क मांडता येतात. परदेशातील खर्चाची पडताळणी कठीण असते आणि अंतिम आदेश हा वस्तुनिष्ठ पुरावा ठरतो. शिवाय देशातील बालकांना प्राधान्य देण्याचे धोरण शासनाने स्वीकारणे गैर म्हणता येत नाही. तथापि पडताळणीसाठी पावत्या, करारपत्रे, गृहअभ्यास अहवाल आणि संस्थेचे पत्र ही साधने दोन्ही प्रकारांत सारखीच उपलब्ध असतात. त्यामुळे पुराव्याची अडचण हे पूर्ण नकारासाठी पुरेसे कारण ठरत नाही.

७. मागणीची कार्यपद्धती

क्रेडिटची मागणी फॉर्म ८८३९ द्वारे केली जाते. प्रयत्न फसलेला असल्यास बालकाचे नाव, जन्मवर्ष किंवा ओळख क्रमांक उपलब्ध नसणे स्वाभाविक असते. अशा वेळी उपलब्ध तेवढी माहिती भरून, प्रयत्नात साहाय्य करणाऱ्या संस्थेचे अथवा वकिलाचे नाव व पत्ता देण्याची सोय आहे. विवाहित दाम्पत्यास सामान्यतः संयुक्त विवरणपत्र भरावे लागते. मागील वर्षी मागणी करणे राहून गेले असेल, तर सुधारित विवरणपत्र भरता येते. त्यासाठी सर्वसाधारणपणे मूळ विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

कागदपत्रे जपून ठेवण्याचे महत्त्व अनुभवाने सिद्ध झाले आहे. क्रेडिट पूर्णतः परताव्यास पात्र असताना महसूल यंत्रणेने मागण्यांची व्यापक छाननी केली. राष्ट्रीय करदाता अधिवक्त्यांच्या २०१२ च्या वार्षिक अहवालानुसार, त्या वर्षीच्या हंगामात हे क्रेडिट मागणाऱ्या विवरणपत्रांपैकी ६९ टक्के तपासणीसाठी निवडली गेली होती.

८. भारतीय संदर्भ

भारतातून अमेरिकेत गेलेल्या बालकांच्या बाबतीत ‘अंतिम आदेश कोणता’ हा प्रश्न दीर्घकाळ महत्त्वाचा होता. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निर्णयाने परदेशी पालकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या काळी परदेशी पालकांना पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये पालकत्व मिळत असे आणि दत्तकविधान त्यांच्या देशातील न्यायालयात पूर्ण होत असे. बालक भारत सोडून अमेरिकेत पोहोचले तरी करकायद्याच्या दृष्टीने प्रक्रिया अपूर्णच असे. संबंधित राज्याच्या न्यायालयाने आदेश दिल्यावर क्रेडिटचा हक्क निर्माण होई.

भारताने हेग करारास २००३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत तो २००८ मध्ये अंमलात आला. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये परदेशी पालकांनाही भारतातच दत्तक आदेश मिळतो. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी यातील एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. भारतीय प्रक्रियेत अनिवासी भारतीय दाम्पत्यास निवासी भारतीयांच्या बरोबरीचा प्राधान्यक्रम मिळतो. अमेरिकन करकायदा मात्र पालकांचे मूळ पाहत नाही; बालकाचे नागरिकत्व व निवास पाहतो. पुणे किंवा नागपूर येथील संस्थेतील बालक त्याच्या दृष्टीने परदेशीच असते आणि भारतातील आदेश होईपर्यंतचा सर्व खर्च कुटुंबास स्वतःच्या जबाबदारीवर सोसावा लागतो.

९. समारोप

दत्तक टॅक्स क्रेडिटच्या रचनेत दोन भिन्न तत्त्वे एकत्र नांदताना दिसतात. देशांतर्गत प्रकारात शासन प्रयत्नातील जोखमीचा काही भाग उचलते. परदेशी प्रकारात यशस्वी फलितासच साहाय्य करते. कुटुंबास नवा प्रयत्न करण्याचे बळ मिळावे, हा क्रेडिटचा हेतू मानला तर पहिले तत्त्व अधिक सुसंगत ठरते, कारण आर्थिक झळ सर्वाधिक बसते ती मूल न मिळालेल्या कुटुंबालाच. परदेशी प्रयत्न शासकीय बंदीमुळे थांबला असल्यास पुराव्याच्या आधारे, मर्यादित प्रमाणात का होईना, खर्च मान्य करण्याची दुरुस्ती विचारात घेण्यायोग्य आहे. तोपर्यंत दत्तकेच्छू कुटुंबांना समुपदेशन करणाऱ्यांनी हा भेद पहिले शुल्क भरण्यापूर्वीच त्यांच्या निदर्शनास आणून देणे अगत्याचे आहे.